निम्मी पुडी

कुसाबाईची जीभ गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. कांद्याच्या ओळीत बसली की हातातल्या विळ्याआधी तीच चालायची. कुणाच्या सुनेने भाकरी जाळली, कुणाचा जावई आखाजीच्या सणाला रिकाम्या हाताने आला, सगळं तिच्यापाशी ताजं. देवळ्याच्या बाजारात भाजी एखादवेळी शिळी मिळेल, कुसाबाईकडची बातमी शिळी मिळायची नाही. स्वतःच्या घराबद्दल मात्र ती एकच वाक्य बोलायची, "आमच्या घरात दवाखान्याची पायरी कुणी चढलं नाय."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गेणूच्या सुनेला, सविताला, पोटुशी असताना साखर निघाली होती. तेव्हा दहा-बारा बायांच्या ओळीत पात कापता कापता कुसाबाई म्हणाली होती, "साखर काय आभाळातून पडती का? डब्यातली पोटात जाती. दार लावून गूळ खात आसंल." बाया खो खो हसल्या. सविता त्याच ओळीत चार बायांपलीकडे बसली होती. तिने मान वर केली नाही. पुढे वर्षभर कुणाच्याही घरी तिच्यापुढे चहा आला की कुणीतरी विचारायचंच, "तुला बिनसाखरेचा का गं?" दुसऱ्याची अब्रू फुकट मिळते, म्हणून माणसं ती वापरून टाकतात.

यंदाच्या चैत्रात कुसाबाईची स्वतःची सून सहा महिन्यांची पोटुशी होती. वेदिका तिचं नाव. चांदवडकडची, बारावी झालेली, अंगाने काटकुळी. कुसाबाईला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्याला, केरूला, मामा. आरोग्य उपकेंद्रातल्या नूरबानो सिस्टरचा निरोप आला की सोमवारी वेदिकाला साखरेच्या तपासणीला आणा. निरोप ऐकून कुसाबाईने दिवस मोजले. ऐन काढणीचे दिवस. दोन वर्षांपूर्वीची ती ओळ पुन्हा तशीच बसणार होती, आणि आता हसायला तिचं घर मिळणार होतं.

सोमवारी नऊ वाजताच ऊन अंगावर येत होतं. डांबरी सडक मऊ झाली होती. वेदिका डोक्यावर पदर ओढून सावकाश चालत होती, दर शंभर पावलांनी थांबत होती. पाय सुजलेले, चपलेचे बंद रुतलेले.

उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. पोरांची रडारड चाललेली. नूरबानो सिस्टर मूळची मालेगावची, हाताने झपाझप काम करणारी. तिने वेदिकाला डबी देऊन लघवीच्या नमुन्याला पाठवलं आणि कुसाबाईच्या हातात एक पुडी, एक स्टीलचा पेला ठेवला.

"मावशी, हे ग्लुकोज. सगळं ह्या पेलाभर पाण्यात ढवळा. ती आली की प्यायला लावा, थेंब ठेवायचा नाही. दोन तासांनी रक्त घेते. मी ह्या पोरांना टोचून आलेच."

कुसाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ह्याच पाण्याने सविताचं उघडं पडलं होतं, हे तिला माहीत होतं. तिला ते पहिल्यापासून पटलेलंच नव्हतं. आधी गोड पाजायचं आणि मग रक्तात गोड सापडलं म्हणून बोंबलायचं! तिने पुडी फाडली. निम्मी पेल्यात ओतली. निम्मी पदराच्या टोकात घेतली आणि घट्ट गाठ मारली. हात जरासुद्धा थरथरला नाही. दुधात पाणी घालणाऱ्याचाही थरथरत नसतो.

वेदिकाने पेला तोंडाला लावला. "आत्या, सविताताई म्हणत व्हत्या, लय गोड लागतं, ओकारी येती. हे तर सरबतावानी हे."

"ज्याची त्याची जीभ," कुसाबाई म्हणाली. "पी गुमान."

दोघी बाकावर बसल्या. पंखा गरम वारा खाली ढकलत होता. तासाभरात कुसाबाईच्या मांडीला काहीतरी चावलं. पाहते तर बाकाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढून सरळ तिच्या पदराच्या गाठीत शिरत होती. तिने पदर झटकला, मांडीखाली दाबला. मुंग्या तिथेही आल्या. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली, तर रांगही वळली.

"मावशी, पदराला मुंग्या लागल्यात तुमच्या," सिस्टर जाता जाता म्हणाली.

"गूळ बांधून आणला व्हता. वाटंत खायाला."

वेदिकाला हसू आलं. "आत्या, तुम्ही अन् गूळ?" कुसाबाईही हसली. दार लावून गूळ खाण्याचा आळ घेणारीने स्वतःवरच तो आळ घेतला होता, आणि हे कळायला तिथे सविता नव्हती एवढंच तिचं नशीब.

रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आला, एकशे बत्तीस.

"सुटलीस गं," नूरबानो सिस्टर म्हणाली. "एकशे चाळीसला आम्ही साखर धरतो. पण काठावर आहेस. खरं सांगू, ह्या उन्हात मला वाटलं होतं तुझी निघणार."

"उन्हाचा काय संबंध?" कुसाबाईने विचारलं.

"आहे ना, मावशी. थंडीपेक्षा ह्या दिवसांत जास्त बाया सापडतात. ट्रेनिंगला डॉक्टरांनीही सांगितलं. थंडीत अंग ऊब धरायला साखर जाळतं. उकाड्यात ते जाळणं कमी होतं. त्यात झोप नाही, चालणं नाही, मग साखर रक्तातच फिरत राहते."

"म्हंजी खाल्ल्यानं नाय व्हत?"

"खाणं असतं, घराण्यात असली तर तेही असतं. पण वाळकी, कमी खाणारी बाईसुद्धा सापडते. ती सविता आठवते? तिचं खाणं मी रोज लिहून घेत होते. चिमणीएवढं खायची बिचारी. असंच ऊन होतं, पत्र्याखाली झोपत होती. ह्यात लाजण्यासारखं काही नसतं, मावशी. लवकर कळलं तर उपाय आहेत. लपलं तर मूल फुगतं, बाळंतपणात दोघांच्या जिवाला घोर." ती वेदिकाकडे वळली. "गार जागी झोपायचं, पत्र्याखाली नाही. आणि तीन आठवड्यांनी परत ये, जेवणानंतरची बघू."

कुसाबाई गाठीवर हात ठेवून उभी होती. सिस्टर, म्या निम्मी पुडी काढून घेतली. एवढं वाक्य. आयुष्यभर लाखो वाक्यं बोललेल्या बाईला हे एक जमेना. मघाशी ती लाजेपायी चोर झाली होती, आणि आता कळत होतं की त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. पण आता चोरीची लाज होती, आणि ही अगदी खरी होती. ती म्हणाली, "चल वेदिका, ऊन वाढंल."

वाटेत वेदिका पुढे गेल्यावर तिने पाण्याच्या चारीच्या कडेला गाठ सोडली. भुकटी घामाने ओली होऊन लुगड्याला चिकटली होती. ती नखाने खरवडत राहिली.

घरी आल्या तेव्हा केरू आणि शेखर, म्हणजे वेदिकाचा नवरा, कांदा साठवायच्या चाळीवर उसाचं पाचट पसरत होते. चाळ केरूने जीव लावून बांधली होती. जमिनीपासून दोन फूट उंच, खालून वारा खेळेल अशी, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या फटी, वर सिमेंटचे पत्रे आणि पत्र्यांवर पाचटाचा हातभर थर. कांद्याला ऊब लागली की तो घाम धरतो, सडतो, हे केरूला चांगलं ठाऊक होतं. चाळीला लागूनच वेदिका-शेखरची खोली होती. तिच्यावर नुसता लोखंडी पत्रा. भिंतीला दुपारी पाठ टेकवत नव्हती.

"थोडं पाचट ह्या खोलीवर टाका," कुसाबाई म्हणाली. "सिस्टर म्हणाली, पोरीला गार जागा पायजे."

"पाचट कांद्यालाच पुरंना," केरू वरूनच म्हणाला. "रिपोर्ट काय आला?"

"चांगला आला."

"मग झालं तर."

"पण ऊन…"

"अगं, ऊन काय यंदाच पडलं का? तू शेखऱ्याच्या टायमाला सातव्या महिन्यात कांदे वाहिले. रिपोर्ट चांगला हाय ना?"

कुसाबाईला पुढे बोलता येईना. बोलायचं तर त्या चांगल्या रिपोर्टाच्या पुढेच बोलावं लागलं असतं. वेदिका मधे पडली, "राहू द्या, मामा. पंखा हे ना. सोसतं मला."

दिवस कामाचे होते. पहाटे कांदा उपटायचा, पातीखाली झाकून वाळवायचा, मग ओळीत बसून पात कापायची, पाट्या भरून चाळीत ओतायच्या. वेदिका लिंबाच्या सावलीत बसून कापायची. अकरानंतर सावलीही तापायची आणि मग ती खोलीत जाऊन जमिनीवर ओलं फडकं टाकून आडवी व्हायची. दुपारी वीज नसायची. पाण्याची कळशी तिच्या उशाशी असायची आणि तासाभरात रिकामी व्हायची. "लय तहान लागती, आत्या," ती म्हणायची. सगळ्यांनाच तहान लागत होती. पण कुसाबाई ती कळशी भरताना मोजायची, चौथी, पाचवी.

तिने आपल्या परीने चोरून भरपाई सुरू केली. वेदिकाच्या चहात साखर घालेना. गुळाचा डबा धान्याच्या कणगीमागे सरकवला. वेदिकाने एकदा विचारलं, "आत्या, साखर संपली का?" कुसाबाई म्हणाली, "महाग किती झाली!" पोरीने मान खाली घातली. सासू खाण्यावर डोळा ठेवते, असंच तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? तीन आठवड्यांनी सिस्टरचा निरोप आला. कुसाबाईने उलट निरोप धाडला, "कांदा उरकू दे." परत पेला, परत आकडा, मग आधीचं कसं काय, हा प्रश्न तिला नको होता.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. ह्या भागात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघर आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे. कुसाबाईची लेक आशा मालेगावहून आली होती. ओसरीवर पानं मांडली. शेजारच्या दोघी-तिघी होत्याच, त्यात सविताही होती. गेणूकडचा मांड्यांचा वाटा घेऊन आली, तर आशाने तिला हाताला धरून बसवलं.

कुसाबाई रसाचं पातेलं घेऊन वाढत निघाली. वेदिकाच्या ताटापाशी आली आणि तिने अर्धीच पळी टाकली.

"हे काय गं, आई?" आशा मोठ्याने म्हणाली. "पोटुशा पोरीला एवढासाच? रिपोर्ट तर नॉर्मल आला म्हणं. सुनेच्या ताटात हात आखडता व्हय तुझा?"

बाया हसल्या. वेदिकाचे कान लाल झाले. "पुरे मला, आक्का," ती म्हणाली, पण डोळे वाटीकडे होते. महिनाभर बिनसाखरेचा चहा पीत होती बिचारी.

"रिपोर्ट चांगला असला तर खाऊ द्या, मावशी," सविता हळूच म्हणाली. "मला मेलीला रस बघून राहावं लागलं व्हतं त्या साली."

कुसाबाईने पळी बुडवली आणि वाटी काठोकाठ भरली. आशा म्हणाली, अजून. तिने मांड्यावरही ओतला. वेदिका खाऊ लागली. बोटं चाटून, मान खाली घालून, लहान पोरासारखी. "आत्या, लय गोड झालाय," ती म्हणाली, आणि वर पाहून हसली. लग्नाला दोन वर्षं झाली, सासूकडे बघून पोरगी इतकं मनापासून कधी हसली नव्हती. कुसाबाईला वाटलं, पातेलं फेकून द्यावं आणि चुलीत तोंड घालावं. पण तिने तिसऱ्यांदा वाढलं, कारण सगळ्या बघत होत्या.

वैशाख सरता सरता वेदिकाच्या अंगावर सूज चढली. पोट दिवसांच्या मानाने फार मोठं दिसू लागलं. शेखर तिला घेऊन नाशिकला निघाला. कुसाबाई न बोलावता एसटीत चढली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला, परत पाहिला. "बाळ दिवसांपेक्षा खूप मोठं आहे. पाणीही जास्त आहे. शुगर तपासली होती का?"

शेखरने उपकेंद्राचं कार्ड पुढे केलं. त्यांनी वेदिकाचं बोट टोचलं. दोनशे चौदा.

"एकशे बत्तीसवरून एवढी?" त्यांचा आवाज चढला. "खरं सांग. गोड किती खातेस?"

वेदिका रडवेली झाली. "आखाजीला रस खाल्ला, मॅडम. मग… नंतर पण दोनदा खाल्ला. माझंच चुकलं."

"रस खाऊन एवढं होत नाही. रोज खात असणार. आईबाप, सासर, सगळे धावपळ करतात आणि तुम्हा मुलींना जिभेवर ताबा ठेवता येत नाही."

"घरी लक्ष ठेवतात हिच्यावर," शेखर खाली बघत पुटपुटला. "आई तर चहातबी साखर घालत नाय. ही चोरून खात आसंल." तो स्वतः लाजेने अर्धा झाला होता.

वेदिकाने त्याच्याकडे पाहिलं. "नाय वो, देवाशपथ," ती म्हणाली. मग तेही सोडून दिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आता काही म्हटलं तरी कुणी मानणार नाही, हे तिला समजलं होतं. सविता त्या ओळीत अशीच बसली होती. कुसाबाईने ते तेव्हा पाहिलं होतं आणि तिला मजा वाटली होती.

"म्या काढली," कुसाबाई म्हणाली.

"काय?"

"निम्मी पुडी. तपासणीची. म्या पदरात बांधून घेतली अन् निम्मीच पाजली. तो रिपोर्ट खोटा हाय. पोरीला ठाऊक नाय."

खोलीत एक नर्स होती, तिचा हात थांबला.

"का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लोक हसतील म्हणून."

त्या रागावल्या असत्या तर कुसाबाईने ऐकून घेतलं असतं. त्यांनी कागदावर इन्सुलिन लिहिलं, दिवसातून दोनदा, मग मान न वळवता म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा. मला पेशंटशी बोलायचंय." कुसाबाई बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली. बाकावर जागा होती, पण तिला बसवेना.

एसटीत शेखर आणि वेदिका पुढे बसले, कुसाबाई मागे. खिडकीतून गरम झळा येत होत्या. देवळा येईपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर वेदिकाने हातपाय धुतले, मग कुसाबाईसमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी साधा होता.

"आत्या, रस वाढताना तुम्हाला ठाऊक व्हतं ना?"

"व्हतं."

वेदिकाने मान हलवली आणि आत गेली. त्या मान हलवण्याने कुसाबाईच्या काळजाला घरं पडली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिडी उचलली आणि चाळीला लावली. साठीच्या घरातली बाई, तरी वर चढली. तिने चाळीवरचं पाचट ओढून खाली टाकायला सुरुवात केली. पाचटाच्या कडांनी हात चिरत होते, बारीक कूस मानेत शिरत होतं.

केरू धावत आला. "अगं ए, येडी झाली का? कांदा सडंल!"

"सडू दे."

"वर्साचा माल हाय!"

"पोरगी अन् तिचं लेकरू सडवलंय म्या. कांद्याचं काय सांगता मला?"

शेखरने केरूला रात्रीच सगळं सांगितलं होतं. त्याने दोरी आणली आणि खालून पाचटाच्या पेंढ्या बांधून द्यायला लागला. कुसाबाई त्या खोलीच्या पत्र्यावर रचत होती. पत्रा तापला होता, गुडघा टेकला की भाजत होतं. तरी ती टेकत होती.

अकराच्या सुमाराला कापणीच्या बाया घराकडे निघाल्या. रस्ता खोलीच्या कडेनेच जातो. त्यांतली भिकाची बायको थांबली. बातमी आधीच पोचली होती, निम्मी.

"का वो कुसाबाई, सुनंला साखर निघाली म्हणं? लय लाड केले वाटतं खाण्याचे!"

दोन-तीन बाया हसल्या. अगदी तसंच हसू. कुसाबाईने पत्र्यावरूनच पाहिलं. ओळीत सविताही होती, हातात विळा. आत खोलीत वेदिका होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. गप्प राहिलं तर झाकलं जात होतं. लोक वेदिकालाच हसले असते, आणि उद्या विसरले असते.

"तिनं काय खाल्लं नाय," कुसाबाई म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने परत मोठ्याने सांगितलं. "तपासणीची पुडी म्या चोरली. तुम्ही हसाल म्हणून. मग रस म्याच पाजला, ठाऊक असून. ह्या पत्र्याखाली भट्टीत म्याच झोपवलं. साखर उन्हानंबी वाढती, सिस्टरनं सांगितलं व्हतं मला. हसायचं तर मला हसा."

कुणीही हसलं नाही. भिकाची बायको डोक्यावरची पाटी नीट करू लागली.

"सविता," कुसाबाई म्हणाली, "तुलाबी म्या…"

सविताने वर पाहिलं. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला. "मी गूळ खाल्ला नव्हता, मावशी," ती म्हणाली. "माझ्या सासूनं डबा मोजला व्हता तुमच्या बोलण्यावरून. रोज मोजायची. मी लेकरू पोटात घेऊन रोज डबा उघडून दाखवायची तिला."

एवढं बोलून ती खोलीत गेली. त्या साली तिने स्वतःला इन्सुलिन टोचलं होतं, आता ते वेदिकाला शिकवायचं होतं. घरातला फ्रिज वर्षभर बंदच होता, म्हणून औषध कसं ठेवायचं तेही तिनेच दाखवलं. नवा माठ, ओली वाळू, वर फडकं. मग रोज दोनदा ती येऊ लागली. उंबऱ्यापाशी आली की कुसाबाई बाजूला व्हायची. दुपारी कुसाबाई पाचटावर पाणी शिंपडायची आणि खोलीतून त्या दोघींचं बोलणं ऐकायची. कुसाबाई समोर नसली की वेदिका हसायचीसुद्धा.

दहा दिवसांनी सविताच वेदिकाला उपकेंद्रात घेऊन गेली. कुसाबाई सकाळपासून अंगणात होती. कांदे निवडायला घेतले होते, पण चांगले आणि सडके एकाच ढिगात पडत होते. दोघी परत आल्या. वेदिका सरळ आत गेली. किती आली, हे विचारायला कुसाबाईला तोंड राहिलं नव्हतं. ती कांद्याकडेच बघत राहिली.

"एकशे सोळा," सविता तिच्याजवळ थांबून म्हणाली. "जेवणानंतरची. सिस्टर म्हणाली, आता ताब्यात आलीय. बाळाचं मोठेपण काय कमी व्हत नाय, नाशिकलाच बाळंतपण करायचं. पण दोघांना धोका टळत आलाय."

कुसाबाईला सविताचे पाय धरावेसे वाटले. तिने नुसते हात जोडले. सविताने ते पाहिलं, बरं म्हणाली आणि आपल्या घराकडे गेली.

कुसाबाई उठली. हात धुतले. आत वेदिकाची जेवणाची वेळ झाली होती. तिने ताट घेतलं, सिस्टरने लिहून दिलं होतं तसं वाढलं, एक भाकरी, मेथी, वाटीभर मठाची उसळ, ताक. पदराने ताटाची कड पुसली आणि खोलीच्या दारात गेली. आत गारवा होता.

वेदिका उठून बसली. तिने ताट घेतलं आणि चुलीपाशी नेऊन खाली ठेवलं. मग भाकरी उचलून बाजूच्या डब्यात ठेवली, भाजी परत पातेल्यात ओतली, ताक सांडून टाकलं. ताट विसळलं आणि पहिल्यापासून स्वतःच्या हाताने वाढून खोलीत आणलं. तेवढंच, तेच.

"राग नाय, आत्या," घास मोडण्याआधी ती म्हणाली. "पण बाळ येईस्तोवर माझं मीच घेत जाईन."

"घे, पोरी," कुसाबाई म्हणाली, आणि तिचं जेवण होईपर्यंत दाराबाहेर उन्हात उभी राहिली.